गिरणीचा धनी

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या काठचे गाव. मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळ मागे टाकून वऱ्हाडात शिरते, मलकापूर सोडल्यावर नांदुरा घेते आणि पुढे जलंब, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा या वाटेने नागपुरास पोहोचते. हा लोहमार्ग १८६७ साली नागपुरापर्यंत पुरा झाला. त्यापूर्वी वऱ्हाडातील कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून मुंबईस जाई. वाटेत तो पावसाने भिजे, धुळीने मळे आणि पोहोचावयास आठवडेच्या आठवडे लागत. रूळ आले आणि आठवड्यांची वाट दिवसांवर आली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावास एक फाटाही काढण्यात आला, तो मुख्यतः कापसासाठीच.

या कापसाचे पुढे काय होई? गाठी मुंबईच्या बंदरात जात, तेथून जहाजाने विलायतेस जात, लँकशायरच्या गिरण्यांत त्यांचे सूत आणि कापड होई, आणि तेच कापड पुन्हा समुद्र ओलांडून आपल्याकडील बाजारांत विकावयास येई. ज्याच्या शेतात कापूस पिके, तोच परदेशी धोतर विकत घेई. हा उलटा व्यवहार ज्यांच्या ध्यानात आला आणि ज्यांनी त्यावर काही करावयाचे ठरविले, अशा थोड्या माणसांत जमशेटजी नसरवानजी टाटा हे एक होते.

जमशेटजींचे नाव निघाले की आपल्याला पोलादाचा कारखाना आठवतो. परंतु तो कारखाना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली ती कापडाच्या गिरण्यांत, आणि त्यांतही नागपूरच्या गिरणीत त्यांचा जीव विशेष गुंतला होता. येथेच त्यांना एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागले. मजुरी देऊन माणसे कामावर आणता येतात. पण ती कामावर टिकतात, कामात रमतात, ती कशाने? आपल्या धन्याकडे ती कोणत्या नजरेने पाहतात, याचा त्यांच्या समाधानाशी काही संबंध असतो काय?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी गावी झाला. घराणे पारशी पुरोहितांचे होते. वडील नसरवानजी यांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार मांडला. १८५२ मध्ये, साधारण तुमच्याच वयाचे असताना, जमशेटजी मुंबईस आले. पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण पुरे करून वडिलांच्या पेढीत काम करू लागले. व्यापारासाठी ते हाँगकाँगला गेले, इंग्लंडला गेले.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. अमेरिकेचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच तो पूर एका रात्रीत ओसरल्यासारखा झाला. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. जमशेटजी त्या वेळी इंग्लंडात होते. त्यांच्याही पेढीवर मोठे कर्ज चढले. तोंड चुकवून निघून येणे शक्य होते, परंतु त्यांनी धनकोंसमोर जाऊन सारा हिशेब उघडा मांडला. तो पाहून धनकोंनी पेढीचे देणेघेणे मिटविण्याचे काम त्यांच्याच हाती दिले. पंचविशीच्या तरुणाविषयी परक्या माणसांचे मत असे झाले, ही गोष्ट लहान नाही.

देशी परतल्यावर १८६९ मध्ये त्यांनी मुंबईतील चिंचपोकळी येथील एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकून टाकली. धंदा हाती आला होता. आता त्यांना मोठी गिरणी काढावयाची होती, आणि ती मुंबईत काढावयाची नव्हती. कापूस जेथे पिकतो, कोळसा जेथून जवळ आहे, कापड जेथे खपते आणि आगगाडी जेथवर जाते, अशी जागा त्यांनी शोधली. ती होती नागपूर.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. नागपुरात गिरणीचा अनुभव कोणाला नव्हता. शिवाय मिळालेली जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढण्यासाठी गाड्यांच्या गाड्या माती ओतावी लागली. भांडवलासाठी एका स्थानिक सावकाराला विचारले, तेव्हा सोने मातीत पुरणाऱ्या माणसाला आपण पैसे देणार नाही, असे त्याने सांगितले. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने आपली चूक कबूल केली. जमशेटजींनी मातीत सोने घातले नव्हते, माती घालून सोने बाहेर काढले होते, असे तो म्हणे.

१८७४ मध्ये पंधरा लक्ष रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल.

गिरणीच्या व्यवस्थापकपदासाठी जमशेटजींनी जो माणूस निवडला, त्याची हकीकत मौजेची आहे. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात नोकरीस होते. सुताचा धागा कसा निघतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. यंत्रांची माहिती असलेले जेम्स ब्रुक्सबी नावाचे एक इंग्रज गृहस्थ जमशेटजींनी सोबतीस दिले होतेच. कारभारासाठी मात्र त्यांना यंत्रज्ञ नको होता. माणसे ओळखणारा आणि माणसांना आपलासा वाटणारा मनुष्य हवा होता. ही निवड किती अचूक होती, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले.

पण आरंभ चांगला झाला नाही. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरांवरून कामगारांनी काम बंद ठेवले. आपल्या देशातील गिरणीकामगारांच्या अगदी आरंभीच्या संपांत या संपाची गणना होते. जमशेटजींची चरित्रे सांगताना पुष्कळदा हा प्रसंग गाळला जातो. तो गाळला, तर पुढच्या साऱ्या गोष्टी एका उदार माणसाच्या मनात आपोआप उगवल्या असे वाटू लागते. तसे झाले नाही.

त्या कामगारांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्यांतील कोणी हातमागावर विणणारे होते, कोणी आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतमजूर होते. आजवर त्यांनी सूर्याकडे पाहून काम केले होते. आता भोंगा वाजला की उठावयाचे, भोंगा वाजला की आत शिरावयाचे. ज्याच्यासाठी हे करावयाचे, तो धनी मुंबईस राहणारा. त्याची भाषा वेगळी, त्याचा चेहराही बहुतेकांनी पाहिलेला नाही. त्याचे दर्शन घडे ते मजुरीच्या आकड्यातून आणि मुकादमाच्या आवाजातून. आकडा कमी वाटला आणि आवाज कठोर वाटला, तर धनी कृपण आणि कठोर आहे, यापलीकडे त्यांनी दुसरे काय समजावे? त्या काळी कामगारांची संघटना नव्हती, गाऱ्हाणे ऐकून घेणारा कायदाही नव्हता. हात थांबविणे एवढाच एक मार्ग त्यांना मोकळा होता.

संपाखेरीज आणखी एक दुखणे होते, आणि ते रोजचे होते. कोणत्याही दिवशी पटावरील शंभर माणसांपैकी वीसएक माणसे कामावर येतच नसत. आज गावी जत्रा आहे, उद्या नातलगाचे लग्न आहे, परवा शेतात कापूस वेचावयाचा आहे. चार पैसे गाठीस आले की माणूस घरी बसे. मुंबईहून आलेल्या लोकांनी यावर नागपूरचा मजूर आळशी आहे असा शिक्का मारून टाकला. बहुतेक गिरणीमालकांचा यावर एक ठरलेला उपाय असे: दंड करावयाचा, दिवस कापावयाचा, आणि फार झाले तर काढून टाकावयाचे.

असा दंड झालेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो खरा. परंतु तो भीतीने येतो, आणि भीतीने आलेल्या माणसाचे लक्ष धाग्यावर नसते, ते दाराकडे असते. तुमच्या शाळेतही हे तुम्ही पाहिले असेल. एखाद्या गुरुजींच्या तासाला मुले शिक्षेच्या धाकाने बसतात आणि घंटेची वाट पाहतात. दुसऱ्या गुरुजींच्या तासाला तीच मुले ताप असतानाही येतात. विषय बदलला म्हणून हे होत नाही. गुरुजींना आपली काळजी आहे की नाही, याचा निवाडा मुले पहिल्या आठवड्यातच करून मोकळी होतात, आणि तो निवाडा सहसा चुकत नाही.

जमशेटजींनी आणि बेझनजींनी दंडाचा मार्ग सोडून दिला. माणसे गिरणीत का रमत नाहीत, असा प्रश्न त्यांनी विचारला. प्रश्न असा फिरवून घेतल्यावर उत्तरे गिरणीच्या भिंतींच्या आतच सापडू लागली.

पहिले उत्तर हवेत होते. नागपूरचा उन्हाळा कसा असतो, हे विदर्भातील मुलांना सांगावयास नको. वैशाखात हवा इतकी कोरडी होते, की कापसाचा धागा चातीवर चढता चढता तुटतो. धागा तुटला की कामगाराने धावत जाऊन तो सांधावयाचा. एक सांधेपर्यंत दुसरीकडे चार तुटलेले. वर यंत्रांची उष्णता आणि श्वासाबरोबर नाकात जाणारी कापसाची तूस. तेव्हा हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून ती दमट आणि गार ठेवणारी यंत्रे गिरणीत बसविण्यात आली, वायुवीजनाची व्यवस्था करण्यात आली. कापसाला ठिणगी लागली तर क्षणात सगळी इमारत पेट घेते. म्हणून छताखालून पाण्याचे नळ फिरविण्यात आले, आणि आगीची आच लागताच ते आपोआप उघडून पाण्याचा वर्षाव व्हावा अशी योजना करण्यात आली. आपल्या देशात अशी साधने प्रथम वापरणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेस मिलचे नाव घेतले जाते.

दमट हवेने धागा कमी तुटतो आणि मालकाचाही लाभ होतो, हे उघड आहे. मग यात कामगारांवर उपकार तो कोणता, असे कोणी विचारील. जमशेटजींनी उपकाराचा आव कधी आणलाच नाही. १८९५ मध्ये गिरणीच्या वाढीव इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी बोलताना त्यांनी आपण इतरांहून अधिक उदार किंवा निःस्वार्थी असल्याचे स्पष्टपणे नाकारले. भागीदारांचे हित आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण यांवरच धंद्याची भरभराट उभी राहते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उपकार करणाऱ्यापुढे माणूस वाकतो; हिशेबात धरणाऱ्याबरोबर तो ताठ मानेने काम करू शकतो. माझ्या मते या स्पष्टपणामुळे कामगारांना त्यांच्याविषयी संशय वाटण्याचे एक कारण कमी झाले असावे.

दुसरी गोष्ट बक्षीस समारंभाची. नियमाने कामावर येणाऱ्या आणि चांगले काम करणाऱ्या कामगारांसाठी गिरणीत मोठा मंडप घालून समारंभ होऊ लागला. कामगारांच्या घरची माणसेही त्या दिवशी गिरणीत येत. खेळांच्या शर्यती होत. ज्याचे नाव पुकारले जाई, त्याला सोन्याचांदीचे कडे, घड्याळ, कापड किंवा रोख रक्कम मिळे. आनंदाच्या भरात काही कामगार कोलांट्या घेत व्यासपीठापर्यंत गेले, अशी हकीकत सांगतात. ज्या माणसाला एरवी गिरणीत फक्त एक क्रमांक म्हणून ओळखत, त्याचे नाव त्याच्या बायकामुलांसमोर मोठ्याने घेतले जात होते. त्या कड्याची किंमत सराफाने केली असती तर फार झाली नसती कदाचित; पण घरी परतताना लेकराने बापाच्या हातातील कडे पाहिले असेल, त्याची किंमत कोणत्या तागडीत करावयाची?

तरीही बक्षिसे म्हणजे वर्षातील एक दिवस. उरलेल्या दिवसांचे काय? आणि हात थकल्यावर काय? गिरणीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही भीती असे. शेतकरी म्हातारा झाला तरी जमीन असते, मुलगा नांगर धरतो. गिरणीकामगाराची सारी मालमत्ता म्हणजे त्याचे दोन हात. ते थरथरू लागले की त्याचा आधार संपला. आणि पट्ट्यात सापडून ते एखाद्या तरुणपणीच तुटले तर?

१८८६ मध्ये एम्प्रेस मिलने कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. १८९५ मध्ये कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली. या दोन सालांचे महत्त्व आणखी दोन साले शेजारी ठेवल्यावाचून कळणार नाही. अपघाताची भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात झाला तो १९२३ मध्ये. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला तो १९५२ मध्ये. म्हणजे कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी, कोणी विचारणारे नसताना, हे घडले. धन्याची पारख करताना कामगार नेमकी हीच गोष्ट पाहतो. सक्तीने दिलेल्यापेक्षा आपण होऊन दिलेल्याची त्याच्या मनावर अधिक खोल खूण उमटते.

हळूहळू गिरणीत माणसे टिकू लागली.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. त्या काळातील कोणतीही गिरणी सुखाचे घर नव्हती. एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत. १८८१ चा कायदा आला, आणि त्याने काय केले? सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच सांगितले. हा धडा वाचणाऱ्या तुमच्यापैकी अकरा वर्षांच्या मुलाला त्या वेळी देशातील कोणत्याही गिरणीत नऊ तास राबविता आले असते, आणि ते कायदेशीर ठरले असते. बारा वर्षे पुरी झालेला तर मोठ्या माणसांतच मोजला जाई. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा घालणारा कायदा १९११ मध्ये झाला. तीही बारा तासांची.

मुंबईत याच काळात नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांना एकत्र आणीत होते. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी तयार केले. त्यातील एक मागणी आठवड्यातून एक दिवस सुटीची होती. ती मिळावयास १८९० साल उजाडावे लागले. धनी चांगला निघाला तर कामगाराला समाधान मिळते, हे खरे. परंतु धनी चांगला निघेल याची हमी कोण देणार? म्हणून लोखंड्यांसारख्यांचे कामही तितकेच गरजेचे होते. नागपुरातही पुढे विसाव्या शतकात संप झालेच. चांगल्या धन्याच्या गिरणीतही मजुरीचा प्रश्न कायमचा मिटत नसतो.

बेझनजींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जमशेटजी मुंबईस राहत. नागपूरच्या कामगारांना रोज दिसत ते बेझनजी. लांबच्या धन्याविषयी कामगाराचे मत बनते ते जवळच्या अधिकाऱ्यावरून. मुंबईहून कितीही चांगले हुकूम सुटोत, ते राबविणारा मनुष्य तुसडा असेल तर त्या हुकुमांचा गोडवा वाटेतच आटून जातो. जमशेटजींनी बेझनजींवर पूर्ण विश्वास टाकला, वारंवार हात घातला नाही. आणि बेझनजी अखेरपर्यंत त्या गिरणीचेच होऊन राहिले. रेल्वेतून आलेला हा मनुष्य पुढे सर बेझनजी या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव सोराबजी यांनी तोच कारभार सांभाळला.

या साऱ्याची कसोटी लागली ती नागपुरापासून दूर, मुंबईजवळच्या कुर्ल्याला. १८८६ मध्ये जमशेटजींनी तेथील धरमसी मिल लिलावात साडेबारा लक्ष रुपयांस घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. सौदा स्वस्त वाटला, पण गिरणी आतून पोखरलेली होती. यंत्रे जुनाट, माल वाईट. चीनच्या बाजारातून तिचे सूत परत येऊ लागले. टाटांचे आता काही खरे नाही, अशी वदंता उठली आणि भागांचे भाव कोसळले. जमशेटजींनी कुटुंबासाठी बाजूला ठेवलेला पैसा मोडला, एम्प्रेस मिलमधील आपले भाग विकले आणि ती सारी रक्कम कुर्ल्याच्या गिरणीत ओतली. तेवढ्याने भागणार नव्हते. कसबी माणसे हवी होती. ती त्यांनी नागपूरहून आणली. चालत्या, भरभराटीच्या गिरणीतील निवडक माणसे बुडत्या गिरणीत आली. ज्याच्या भरवशावर आपण जात आहोत तो आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, अशी खात्री वाटल्यावाचून कोणी असे करीत नाही. स्वतः धनीच आपली पुंजी घेऊन त्या बुडत्या गिरणीत उतरला होता, हे तर सर्वांना दिसतच होते. काही वर्षांत स्वदेशी मिल सावरली आणि तिच्या सुताला बाजारात मान मिळू लागला.

पुढील हकीकत तुम्ही इतरत्र वाचाल. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी एक संस्था निघावी म्हणून त्यांनी १८९८ मध्ये आपल्या मालमत्तेचा मोठा भाग देऊ केला. ती संस्था बंगळूरला उभी राहिली. १९०३ मध्ये मुंबईच्या समुद्रकाठी ताजमहाल हॉटेल उघडले. पाण्यापासून वीज करण्याचे आणि देशात पोलाद तयार करण्याचे बेत त्यांनी आखले. कारखान्याची जागाही अजून ठरली नव्हती, तेव्हा १९०२ मध्ये त्यांनी परदेशातून आपले चिरंजीव दोराबजी यांना पत्र लिहिले. त्यात भट्ट्यांचा आणि खाणींचा विषय नाही, कामगारांच्या गावाचा आहे. रस्ते रुंद असावेत, दुतर्फा सावली देणारी झाडे असावीत, खेळावयास मोकळी मैदाने असावीत, आणि सर्व धर्मांच्या लोकांना आपापली प्रार्थनास्थळे बांधण्यास जागा असावी, अशी त्यांची सूचना होती. नागपूरच्या दलदलीत पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी प्रथम इमारत बांधली आणि मग माणसांचा विचार केला होता. या वेळी क्रम उलटा झाला.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली, आणि १९१२ मध्ये, पहिले पोलाद निघाले त्याच वर्षी, तेथील कामगारांसाठी आठ तासांचा दिवस सुरू झाला. कापडगिरण्यांसाठी कायद्याने बारा तासांची मर्यादा घालून तेव्हा एकच वर्ष झाले होते. त्या कारखान्याभोवती वसलेल्या नगरास १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव देण्यात आले.

नागपूरची एम्प्रेस मिल शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. काळ बदलला, यंत्रे जुनी झाली, तोटा वाढत गेला. १९८६ मध्ये गिरणी राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता दुकानांचे मोठे संकुल उभे आहे. त्याच्या नावात एम्प्रेस हा शब्द तेवढा राहिला आहे. नांदुऱ्याच्या काळ्या रानात मात्र दिवाळीच्या सुमारास अजूनही कापसाची बोंडे फुटतात, आणि गावाजवळून नागपूरची गाडी पूर्वीसारखीच शेगावकडे निघून जाते.